स्वप्नालीताई, आहात ना?

अंबरनाथ
१२ जानेवारी २०२५

दादा,

तुझा पत्ता तुझ्या उल्हासनगरच्या मित्राकडून, जितेशकडून घेतला. द्यायला तयार नव्हता. दुकानात गिऱ्हाइकं होती, मी स्टुलावर बसून राहिले. शेवटी मोबाइलच्या एका रिकाम्या खोक्यावर लिहून दिला आणि म्हणाला, माझं नाव सांगू नको. सांगितलं. तू माझा नंबर ब्लॉक केलायस, मेलला उत्तर देत नाहीस, म्हणून पोस्टाने लिहितेय. पाकीट न वाचता फाडायचं तरी ते एकदा हातात घ्यावं लागेल.

आई बरी आहे. बाबा बरे आहेत. घरात तुझं नाव कोणी घेत नाही, पण तुझ्या खोलीतला पंखा आईने दुरुस्त करून घेतला.

मी पीएच.डी.ला नाव घातलंय. गरीब देशांत तंत्रज्ञान आलं की लोकांचं भलं होतं असं म्हणतात, ते होतं तेव्हा नेमकं कशामुळे होतं आणि होत नाही तेव्हा कशामुळे होत नाही, असा विषय आहे. माझ्या गाइड मॅडम ज्या पद्धतीने काम करतात तिला चिकित्सक वास्तववाद म्हणतात. नाव जड आहे. त्यांनी मला ते चहा पिताना समजावलं. म्हणाल्या, नोंदीत येतं ते एक. प्रत्यक्षात घडतं ते दुसरं, त्यातलं पुष्कळसं नोंदीत येत नाही. आणि ज्याच्यामुळे ते घडतं ते तिसरं, ते बहुतेक वेळा डोळ्यांना दिसतच नाही, मागे जात जात शोधावं लागतं. मग म्हणाल्या, "आणि जे नाही, तेसुद्धा काम करत असतं, प्रीती. नसण्यालाही परिणाम असतो."

नंतर त्यांनी माझ्यापुढे अहवालांचा ढीग ठेवला. मलावी, नेपाळ, बांगलादेश. त्यात एक पुस्तिका बदलापूरची होती. तुझी. ओढ्याला पूर यायच्या आधी वाड्यांना फोनवर इशारा देणाऱ्या तुझ्या यंत्रणेची. परदेशातल्या देणगीदारांनी ती यशस्वी प्रयोग म्हणून छापलीय. इशारा पोचल्याचं प्रमाण शंभर टक्के. आणि शेवटी बारीक अक्षरात एक दुर्घटना: जुलै २०२३ मध्ये करवंदवाडीचा किसन नावाचा कामगार "इशारा मिळूनही निष्काळजीपणे" ओढ्यावरच्या फरशी पुलावर मोटरसायकल घालून वाहून गेला.

ते वाक्य चौकशीतल्या तुझ्या जबाबावरून लिहिलंय हे मला माहीत आहे. इशारा गेला, वाडीतून पोच आली, एवढंच तू सांगितलंस. बाबा तेव्हा म्हणाले होते, जबाब दिलास ठीक, आता त्या माणसाच्या घरी जाऊन ये. संस्थेचा वकील जाऊ नको म्हणाला, तू गेला नाहीस, आणि डिसेंबरात जर्मनीला निघून गेलास. त्यावरून तुम्ही दोघं जे बोललात ते मी इथे लिहीत नाही.

मी अभ्यासाला करवंदवाडी घेतलीय. तू रागावशील. तुला विचारून घेतली असती, पण तू फोन उचलत नाहीस.

प्रीती


बदलापूर
९ फेब्रुवारी २०२५

दादा,

उत्तर आलं नाही. मी तरी लिहितेय, कारण हे तुला कळायला हवं आणि दुसऱ्या कोणाला सांगण्याआधी तुला सांगायचंय.

आधी तुझ्या संस्थेच्या ऑफिसात गेले. सगळं चालू आहे. डोंगरातलं तुझं यंत्र पाणी मोजतं, रोज सकाळी सगळ्या वाड्यांत तुम्ही दिलेल्या फोनवर चाचणीचा निरोप जातो, आणि पडद्यावर एकेका नावापुढे हिरवा ठिपका उमटतो. करवंदवाडीपुढे नाव होतं स्वप्नाली. हिरवा ठिपका. तिथला माणूस कौतुकाने म्हणाला, ही मुलगी एक दिवस चुकत नाही.

तुला ती आठवत असेल. बी.ए.ला होती, ट्रेनिंगला सगळ्यात पुढे बसायची. फोन आपल्याला नावाने हाक मारेल तर बायकांना तो आपला वाटेल, हे तिनेच सुचवलं होतं. तू घरी येऊन जेवताना सांगितलं होतंस, म्हणून मला माहीत.

वाडीत गेले. चामटोलीच्या पुढे रिक्षा सोडली, फरशी चालत ओलांडली. आता ओढ्यात जेमतेम घोटाभर पाणी आहे. मुलं खेकडे शोधत होती. त्यांना विचारलं, स्वप्नालीचं घर कुठलं. मुलं खेकडे सोडून एकमेकांकडे बघू लागली. एक बाई पुढे आली, माझ्याच वयाची असेल. माझ्याकडे बघून म्हणाली, "कोणाला विचारताय?" मी परत नाव घेतलं. तिने मला हाताला धरून बाजूला नेलं आणि हळूच म्हणाली, म्हातारीसमोर ते नाव घेऊ नका.

स्वप्नाली नाही, दादा. जानेवारी २०२३ मध्ये काविळीने गेली. किसन वाहून गेला त्याच्या आधीचा हिवाळा.

ज्या दिवशी तू जबाब दिलास की स्वप्नालीकडून पोच आली, त्या दिवशी ती जाऊन सहा-सात महिने झाले होते. चौकशी ऑफिसातच झाली, वाडीत कोणी आलंच नाही. आणि आज सकाळीही तुमच्या पडद्यावर ती होती.

घरात तिची आई एकटी राहते, सगुणाबाई. नवरा पूर्वीच गेलेला. फळीवर मुलीचा हार घातलेला फोटो, आणि त्याच्या शेजारी तुमचा फोन, चार्जिंगला लावलेला. मी कोण, कशासाठी आले ते सांगितलं. फोनबद्दल विचारल्याबरोबर त्यांनी तो उचलून पदराखाली घेतला.

मी पुढे काही विचारलं नाही. चहा प्यायले आणि आले. मला हाताला धरणारी ती बाई भाविका. किसनची बायको. दोघींची घरं समोरासमोर आहेत, मधे फक्त अंगण.

प्रीती


अंबरनाथ
२ मार्च २०२५

दादा,

जितेश म्हणाला, पत्रं पोचलीत. बरं.

मी चार वेळा वाडीत जाऊन आले. फोन न्यायला आले नाही हे सगुणाबाईंना पटायला तेवढा वेळ लागला. काल मी त्यांच्याकडेच राहिले. सकाळी चुलीवर पाणी तापत होतं, आणि फळीवरून आवाज आला: "स्वप्नालीताई, आहात ना?"

तुझ्या ऑफिसातल्या कोणा मुलीचा आवाज असेल. इतका जवळचा, इतका प्रेमळ की मी वळून दाराकडे बघितलं. सगुणाबाई चुलीपासून उठल्या, फोनजवळ गेल्या, हिरवं बटण दाबलं. आवाज तिथेच थांबला. पुढचं वाक्य बोललंच गेलं नाही. त्या परत येऊन बसल्या आणि जाळ पुढे सारला.

मी विचारलं, रोज दाबता? त्या म्हणाल्या, "फोन रोज इचारतो, हायस ना. नाय कसं म्हनू, बाय?"

मग बोलत गेल्या. मुलगी गेल्यावर वाडीतल्या लोकांनी त्यांच्यासमोर तिचं नाव घेणं बंद केलं. वाईट वाटू नये म्हणून. मुलांनाही बजावलं. त्यामुळे घरात, दारात, पाणवठ्यावर, कुठेच ते नाव ऐकू येईना. फक्त तो फोन घ्यायचा. पहिल्या दिवशी त्या घाबरल्या आणि अंगणात पळाल्या. दुसऱ्या दिवशी वाट बघत बसल्या. मुलीने पूर्वी सांगितलेलं त्यांना माहीत होतं की तीन दिवस उत्तर दिलं नाही तर संस्था फोन परत नेते. म्हणून त्या बटण दाबू लागल्या. नाव ऐकलं की लगेच. उशीर झाला तर नेतील असं वाटायचं.

दादा, माझ्या मॅडमनी एक प्रश्न शिकवलाय. जे घडलं ते घडायचं तर कायकाय असायला हवं होतं? मी त्या चुलीपुढे बसून तोच विचार करत होते. देणगीदार म्हणाले, पडून राहिलेले फोन परत घ्या. त्यात गैर काही नव्हतं. बायकांनी तक्रार केली की रोजचा निरोप लांबतो, सगळा ऐकत बसायला वेळ नसतो, म्हणून तू मधेच बटण दाबता येईल असं केलंस. तेही त्यांच्या सोयीसाठी. नावाने हाक मारायची, हे त्या मुलीच्या डोक्यातून आलेलं. वाडीने तिचं नाव घेणं सोडलं, ते मायेपोटी. यातलं एकही वाईट हेतूने केलेलं नाही. हे सगळं जुलैतल्या त्या दुपारी एका घरात एकत्र आलं.

खऱ्या इशाऱ्याची सुरुवातही तशीच होती ना? "स्वप्नालीताई, आहात ना? ओढ्याला पाणी चढतंय, फरशीवर लाल झेंडा लावा, घरोघर सांगा." मी संस्थेत ऐकून आले. त्या दुपारी सगुणाबाईंनी पहिल्या तीन शब्दांनंतर बटण दाबलं. झेंडा लागला नाही. कोणालाच काही सांगितलं गेलं नाही. तुमच्या पडद्यावर हिरवा ठिपका आला. किसन अंबरनाथच्या कंपनीतून पहिली पाळी संपवून घरी येत होता, नेहमीच्या वाटेने. फरशी पाण्याखाली नव्हती, लोक म्हणतात. त्याच्या डोळ्यांदेखत पाण्याचा लोंढा आला.

त्याला कोणताही इशारा मिळाला नव्हता.

सगुणाबाईंना यातलं किती माहीत आहे ते मला सांगता येत नाही. बोलता बोलता एकदाच म्हणाल्या, "एकदा दुपारची पन हाक आलेली." आणि दारातून समोरच्या घराकडे बघत राहिल्या. मी विचारलं नाही. माझी हिंमत झाली नाही.

तू जबाबात सांगितलंस त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. तरी ते खरं नव्हतं. हे तुला दुखवायला लिहीत नाही. प्रबंधात हे वाक्य मला कुठेतरी लिहावं लागणार आहे, म्हणून आधी तुला.

प्रीती


अंबरनाथ
२३ मार्च २०२५

दादा,

बाबा बरे आहेत असं पहिल्या पत्रात लिहिलं, ते मला तेव्हा खरंच वाटत होतं. दुसरं पत्र लिहिताना मात्र मला बाबांबद्दल एक गोष्ट कळलेली होती आणि मी ती लपवली. वाडीत पहिल्या दिवशी आडनाव सांगितलं तर भाविकाने विचारलं, "भीमरावकाकांच्या तुम्ही कोण?"

बाबा तिच्याकडे जातात. तू गेलास त्या महिन्यापासून. घरी सांगतात, विहारात जाऊन येतो. तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा अंगणात उभं राहून म्हणाले होते, ज्याने ते यंत्र बनवलं त्याचा मी बाप. माझा मुलगा आला नाही, म्हणून मी आलो. भाविका म्हणते, तेव्हा तिने त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. ते बाहेर बसले आणि थोड्या वेळाने उठून गेले. पुढच्या महिन्यात पुन्हा आले. आता ती त्यांना जेवायला वाढते. ते फारसं बोलत नाहीत. गेल्या पावसाळ्यात त्यांनी तिच्या छपराची दोन कौलं बदलून दिली. या वयात शिडीवर चढले, दादा. आणि घरी येऊन आईला सांगितलं, गुडघा विहाराच्या पायरीवर आपटला.

हे तुला सांगू नये असं बाबांचं म्हणणं असेल. मी त्यांना विचारलेलं नाही.

आता दुसरं. मी भाविकाला भेटायला गेले ते घाबरतच. तिच्या माणसाला पुस्तिकेत निष्काळजी म्हटलंय हे तिला माहीत आहे. किसनच्या कंपनीतल्या कोणीतरी फोनवर ते पान दाखवलं होतं. तिला एवढंच हवंय, तो शब्द निघाला पाहिजे. मला तो काढता येईल, पण मग झेंडा का लागला नाही हे सांगावं लागेल, आणि समोरच्या घरात सगुणाबाई राहतात. भाविकाच त्यांचं पाणी भरते, ताप आला की तीच बदलापूरला डॉक्टरकडे नेते. हे तिला कसं सांगायचं, असा विचार करत मी तिच्या ओट्यावर बसले होते.

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्हाला कळलंय ना? बटण कोण दाबतं ते."

तिला पहिल्यापासून माहीत होतं. आणि त्यापुढचंही तिने सांगितलं, जे मला माहीत नव्हतं. त्या उन्हाळ्यात संस्थेचा एक माणूस वाडीत आला होता, फोनधारकांना भेटायला. सगुणाबाई शेतावर होत्या. त्याने भाविकाला विचारलं, स्वप्नाली कुठे आहे. भाविका म्हणाली, "मी त्याला सांगितलं, ती बदलापूरला क्लासला गेलीय. संध्याकाळी येईल. तो बरं म्हणाला आणि गेला. म्हातारीचा फोन नेला असता हो ताई. दोन महिन्यांनी पाऊस आला."

एवढं बोलून तिने सूप खाली ठेवलं. रडली नाही. मग म्हणाली, हे घरात कोणाला माहीत नाही, तुमच्या बाबांनाही नाही.

मी तिला म्हटलं, तुम्ही एकट्याच नाही, हे खूप गोष्टींनी मिळून झालं. मी तिला सगळं समजावत राहिले, पत्रात तुला लिहिलं तसं. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्या यंत्रवाल्या भावाला हे माहीत आहे का?"

मी म्हटलं, पत्रातून लिहिते, तो उत्तर देत नाही.

ती म्हणाली, "त्याला म्हणावं, ये एकदा. फरशीवर उभं राहून सांग मला, की यांना इशारा मिळाला होता."

ती धमकी देत नव्हती. तिला ते तुझ्या तोंडून ऐकायचंय, की तू ते म्हणू शकणार नाहीस हे बघायचंय, मला कळलं नाही. मी निरोप पोचवलाय.

प्रीती


अंबरनाथ
१८ मे २०२५

दादा,

पोचलास का? आईने दिलेली चटणी विमानतळावर काढून घेतली नाही ना?

तुला सोडून विमानतळावरून परत येताना गाडीत बाबा एकदाच बोलले. म्हणाले, बारीक झालाय. मग कल्याणपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. तू न कळवता दारात उभा राहिलास तेव्हा आई आरडाओरडा करेल असं मला वाटलं होतं. तिने नुसतं तुझ्या हातातली बॅग घेतली. आता तुझी खोली परत झाडून ठेवलीय. तुझं नाव घरात घेतलं जातं. सकाळी भाजीवाला आला तर आई म्हणाली, राजरत्नला ही भाजी आवडते, आणि तू इथे नसूनही घेतली.

विमानतळावर तू विचारलंस, तू वाडीतून निघाल्यावर काय झालं. सांगते, पण तुला जे दिसलं नसेल तेही सांगते, कारण तू बहुतेक वेळ खाली बघत होतास.

फरशीवर तू आणि भाविका उभे होतात तेव्हा मी आणि बाबा मागे होतो. सगुणाबाई त्यांच्या दारात उभ्या होत्या. तू म्हणालास, "त्यांना इशारा मिळाला नव्हता. पोच आली हे मी सांगितलं. पोच कोणी दिली, ते मी विचारलं नाही. विचारायला इथे यायला हवं होतं, मी आलो नाही." तू ते पाठ करून आला होतास हे कळत होतं, पण शेवटचं वाक्य पाठ केलेलं वाटलं नाही. भाविका तुझ्याकडे बघत नव्हती, तिथून पाणी कुठल्या बाजूला वळतं तिकडे बघत होती. बाबांनी माझा दंड धरला होता. अजून तिथे काळं-निळं आहे.

तू संस्थेला लेखी दिल्यामुळे पुस्तिकेतलं ते वाक्य निघालं. नवीन प्रत आली, मी भाविकाला दाखवली. किसनच्या नावापुढे आता लिहिलंय, "इशारा न पोचल्यामुळे." तीन दिवसांचा नियमही काढला. पूर्ण निरोप ऐकल्याशिवाय बटण चालत नाही असं तू केलंस, ते सगळ्या वाड्यांना लागू झालं. करवंदवाडीत नवा फोन भाविकाने घेतला. मी म्हटलं, तुम्ही कशाला, दुसरं कोणीतरी घेईल. ती म्हणाली, झेंडा मीच लावणार.

सगुणाबाईंचा जुना फोन मात्र तसाच आहे. तू तो संस्थेच्या यंत्रणेतून काढलास आणि त्यांना विचारलंस, बंद करू का, की रोजची हाक नुसती चालू ठेवू. त्या तुला म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. मी हाय तोवर ऱ्हाऊ दे." तेव्हा तू फोनवर काहीतरी करत बसलास आणि मला वाटलं, तुला रडू आलंय. आता ते हिरवं बटण कुठेच जात नाही. त्या अजून दाबतात. अंगणापलीकडे भाविकाला ती हाक रोज ऐकू जाते. तिने मला तसं सांगितलं. बंद करा असं म्हणाली नाही.

सगुणाबाईंना काही सांगायचं नाही, हे आपण चौघांनी ठरवलं. मला अजूनही वाटतं की त्यांना माहीत आहे. तू फरशीवर बोलत होतास तेव्हा त्या दारातून आत गेल्या नाहीत. तुला चहा देताना त्यांनी दोन्ही हातांनी कप धरला होता, आणि "तुजा काय दोस नाय" असं म्हणाल्या. कोणाचा आहे, ते बोलल्या नाहीत.

तू निघालास, रिक्षा वळणावर दिसेनाशी झाली, तेव्हा भाविका ओट्यावर बसली. मग म्हणाली, तो आला नसता तर त्याचा राग करत राहता आलं असतं. दीड वर्ष तेवढं एक काम होतं मला.

माझ्या सगळ्या अभ्यासाचं फळ एवढंच, की मी त्या बाईकडचा एकमेव दोषी माणूस काढून घेतला. मी तिला म्हटलं, प्रबंधात वाडीचं नाव, माणसांची नावं, सगळी बदलणार आहे. आणि क्लासला गेलीय असं तुम्ही त्या माणसाला सांगितलंत, ते मी लिहिलंच नाही तरी चालेल. मॅडम हरकत घेणार नाहीत. ते वगळूनही बाकीचं उभं राहतं. तुम्हाला त्रास नको.

ती माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघून बोलली. "माझं नाव बदला, ताई. पण मी खोटं बोलले ते काढू नका. ते काढलंत तर आमचे हे नुसते पाण्याने गेले असं होईल."

मी ते ठेवलंय, दादा. तुझं फरशीवरचं शेवटचं वाक्यही ठेवलंय.

प्रीती